राजनिष्ठेच्या शपथेपलीकडची सेवा : पंडित हृदयनाथ कुंझरू आणि भारतीय बालवीर चळवळ

दर वर्षी ७ नोव्हेंबर रोजी देशभरातील शाळांमध्ये भारत स्काउट्स अँड गाइड्स या संघटनेचा स्थापना दिन साजरा होतो. गळ्यात स्कार्फ बांधलेली मुले-मुली ध्वजाची छोटी चिकटचित्रे घेऊन घरोघरी आणि कार्यालयांत जातात व सेवाकार्यासाठी निधी जमवतात. पाठोपाठ हिवाळी शिबिरांचा हंगाम सुरू होतो. तंबू उभारणे, दोरीच्या गाठी बांधणे, प्रथमोपचाराचे धडे आणि रात्रीची शेकोटी असा त्यांचा ठरलेला क्रम असतो. माघ महिन्यात प्रयागच्या संगमावर भाविकांची गर्दी लोटते, तेव्हा वाट चुकलेल्या वृद्धांना हात द्यायला आणि घाटाकडे जाणारी रांग सांभाळायला स्काउटांची पथके उभी राहतात. हे दृश्य आता इतके परिचयाचे झाले आहे की, त्यामागील प्रदीर्घ वादाची आठवण सहसा कोणाला होत नाही. भारतीय मुलांनी सेवेची शपथ घ्यावी, हे सर्वांना मान्य होते. मात्र ती शपथ कोणावरच्या निष्ठेची असावी, यावर मतभेद होते. हा वाद तीन दशकांहून अधिक काळ चालला. तो आरंभापासून अखेरपर्यंत ज्यांनी वाहिला आणि अखेर मिटवला, त्यांत पंडित हृदयनाथ कुंझरू यांचे नाव अग्रभागी आहे.

कुंझरू यांचा जन्म १ ऑक्टोबर १८८७ रोजी एका काश्मिरी पंडित कुटुंबात झाला. त्यांचे वडील पंडित अयोध्यानाथ कुंझरू हे अलाहाबादमधील नामांकित वकील आणि राष्ट्रीय सभेच्या प्रारंभीच्या काळातील एक आधारस्तंभ होते. १८८८ मध्ये अलाहाबाद येथे भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनाचे ते स्वागताध्यक्ष होते. सरकारी अधिकाऱ्यांचा विरोध असतानाही ते अधिवेशन यशस्वी झाले. १८९२ मध्ये अयोध्यानाथांचे निधन झाले, तेव्हा हृदयनाथ अवघे चार वर्षांचे होते. वडिलांचा सहवास त्यांना फारसा लाभला नाही. परंतु सार्वजनिक कार्य हाच घरचा वारसा आहे, ही जाणीव त्यांच्यात लहानपणीच रुजली.

उच्च शिक्षण पूर्ण होत असताना वकिली किंवा सरकारी नोकरी हे दोन्ही मार्ग त्यांच्यासमोर खुले होते. त्यांनी तिसरा मार्ग निवडला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १२ जून १९०५ रोजी पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना केली होती. देशाचे हित प्रथम मानणे, स्वतःसाठी धन मिळवण्याच्या मागे न लागणे, समाज देईल त्या तुटपुंज्या निर्वाहवेतनात समाधान मानणे आणि जात-धर्माचा भेद न करता सर्व भारतीयांना बंधू समजणे, अशा प्रतिज्ञा त्याच्या सदस्यांना घ्याव्या लागत. १९०९ मध्ये कुंझरू या समाजात दाखल झाले. अलाहाबादच्या सुखवस्तू घरातील या तरुणाने पुण्याच्या संस्थेशी जोडलेले नाते पुढे जवळजवळ ७० वर्षे टिकले. गोखले यांच्यानंतर श्रीनिवास शास्त्री आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी भारत सेवक समाजाचे अध्यक्षपद सांभाळले. देवधरांच्या निधनानंतर १९३६ मध्ये ती जबाबदारी कुंझरू यांच्याकडे आली आणि मृत्यूपर्यंत त्यांच्याकडेच राहिली.

समाजात आल्यानंतर थोड्याच वर्षांत त्यांच्यावर कौटुंबिक आघात झाला. पत्नीचे आणि पाठोपाठ तान्ह्या अपत्याचे निधन झाले. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. या दुःखाचे प्रदर्शन त्यांनी कधी मांडले नाही. उरलेले सारे आयुष्य मात्र सार्वजनिक कार्याच्या स्वाधीन केले.

त्या कार्याची पहिली मोठी कसोटी १९१५ मध्ये लागली. त्या वर्षी १९ फेब्रुवारीला गोखले यांचे पुण्यात निधन झाले. भारत सेवक समाज पोरका झाला असतानाच हरिद्वारचा कुंभमेळा येऊन ठेपला. यात्रेकरूंच्या सेवेसाठी समाजाने स्वयंसेवकांचे मोठे पथक पाठवले आणि त्याचे नेतृत्व २७ वर्षांच्या कुंझरू यांच्याकडे सोपवले. पथकाची वैद्यकीय बाजू समाजाचे मराठी सदस्य डॉ. देव यांच्याकडे होती. त्याच वर्षी जानेवारीत दक्षिण आफ्रिकेहून परतलेले मोहनदास गांधी यांना मदतीचे निमंत्रण गेले आणि त्यांचे फिनिक्स आश्रमातील सहकारी या पथकात सामील झाले.

त्या काळातील यात्रा म्हणजे हालअपेष्टांची परिसीमा होती. सहारनपूरहून पुढे यात्रेकरूंना छप्पर नसलेल्या मालडब्यांतून न्यावे लागे. वर तळपते ऊन आणि खाली तापलेला लोखंडी पत्रा, अशा स्थितीत माणसे तहानेने व्याकूळ होत. मेळ्यात पटकीसारख्या रोगांची भीती कायम असे. डॉ. देव यांनी शौचालयांसाठी चर खणून घेतले होते. परंतु त्यांच्या देखभालीसाठी मजुरीवर सफाई कामगार लावण्याखेरीज त्यांच्यासमोर पर्याय नव्हता. फिनिक्सच्या मंडळींनी ते काम आपणहून अंगावर घेतले. मैल्यावर माती टाकणे आणि त्याची विल्हेवाट लावणे हे काम सुशिक्षित, उच्चवर्णीय तरुण उघडपणे करत आहेत, हे त्या काळातील समाजाला नवे होते. सेवा म्हणजे दानधर्म नव्हे, तर शिस्तीने, आखून आणि कोणतेही काम हलके न मानता केलेले श्रम, हा धडा कुंझरू यांच्या पथकाने हरिद्वारच्या वाळवंटात गिरवला.

प्रयाग येथेही पंडित मदनमोहन मालवीय यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सेवा समितीच्या कार्यात कुंझरू यांनी स्वतःला झोकून दिले. माघमेळ्यातील गर्दीचे नियमन, हरवलेल्यांचा शोध, आजाऱ्यांची शुश्रूषा आणि बुडणाऱ्यांना वाचवणे ही समितीच्या स्वयंसेवकांची कामे होती. १९१८ च्या प्रारंभी प्रयागला कुंभ भरला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस इन्फ्लुएंझाच्या साथीने देश हादरला. उत्साही तरुणांची वाण नाही. वाण आहे ती लहानपणापासून मिळालेल्या प्रशिक्षणाची, हे अशा प्रसंगांत कार्यकर्त्यांच्या ध्यानात येत होते. प्रथमोपचार, संघभावना आणि आज्ञापालन या गोष्टी संकट आल्यावर शिकवता येत नाहीत. त्या आधीच अंगवळणी पडाव्या लागतात.

अशा प्रशिक्षणाची एक पद्धत जगात तयार होती. बोअर युद्धातील माफेकिंगच्या वेढ्यामुळे प्रसिद्धीस आलेले ब्रिटिश सेनाधिकारी रॉबर्ट बेडन पॉवेल यांनी ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडजवळच्या ब्राउनसी बेटावर २० मुलांचे शिबिर भरवले आणि त्यातून बालवीर चळवळ जन्माला आली. भारतात ती १९०९ मध्ये बंगळुरू येथील बिशप कॉटन शाळेत पोहोचली. १९११ मध्ये जबलपूरला मुलींसाठी गाइडचे पहिले पथक निघाले. परंतु या पथकांची दारे युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरतीच उघडी होती. बंगालमधील क्रांतिकारक चळवळीने धास्तावलेल्या सरकारला भारतीय मुलांच्या हाती असे प्रशिक्षण देणे धोक्याचे वाटत होते. माग काढणे, खुणांची भाषा, रानावनात तग धरणे ही कौशल्ये इंग्रज मुलांकडे असली की गुण ठरत. भारतीय मुलांकडे आली की संशयाचे कारण होत.

अधिकृत चळवळीने दार बंद ठेवले, तेव्हा भारतीयांनी स्वतःचे दार उघडले. १९१३ मध्ये श्रीराम बाजपेयी यांनी शाहजहांपूर येथे मुलांचे स्वतंत्र पथक सुरू केले. मद्रासकडे डॉ. ॲनी बेझंट यांनी जॉर्ज अरुंडेल यांच्या सहकार्याने इंडियन बॉय स्काउट्स असोसिएशन स्थापन केली. तेथील मुले डोक्याला फेटा बांधत आणि भारतीय गीते गात. १ डिसेंबर १९१८ रोजी मालवीय, कुंझरू आणि बाजपेयी यांनी अलाहाबादमध्ये सेवा समिती स्काउट असोसिएशनची स्थापना केली. मालवीय मुख्य स्काउट झाले, बाजपेयी यांनी प्रशिक्षणाची आणि प्रसाराची धुरा वाहिली, तर संघटनेची घडी बसवण्याचे आणि तिला सार्वजनिक जीवनात प्रतिष्ठा मिळवून देण्याचे कार्य कुंझरू यांनी केले. बेडन पॉवेल यांच्या पद्धतीचा आराखडा त्यांनी स्वीकारला. मात्र त्यात मेळ्यांतील सेवेचा अनुभव मिसळला. इंग्लंडमधील बालवीर चळवळीचा उगम सैनिकी छावणीत झाला होता. अलाहाबादच्या चळवळीचा उगम नदीकाठच्या यात्रेत झाला.

१९२१ मध्ये बेडन पॉवेल भारतात आले. असहकाराची चळवळ जोमात असताना भारतीय मुलांना अधिकृत संघटनेबाहेर ठेवणे अधिक धोक्याचे ठरेल, हे सरकारच्याही लक्षात आले होते. सर्व संघटनांचे एकीकरण करण्याचा प्रयत्न झाला आणि बेझंट यांची संघटना अधिकृत चळवळीत विलीन झाली. सेवा समितीने मात्र नकार दिला. स्काउटच्या प्रतिज्ञेच्या पहिल्याच भागात राजाप्रती कर्तव्याचा उल्लेख होता आणि तो मालवीय व कुंझरू यांना मान्य नव्हता.

या नकाराचे महत्त्व कुंझरू यांच्या राजकीय भूमिकेकडे पाहिल्यावर कळते. ते काही जहाल पुढारी नव्हते. गोखले यांच्या परंपरेतील नेमस्त म्हणून ते राष्ट्रीय सभेपासून दूर झाले होते आणि नॅशनल लिबरल फेडरेशनमध्ये सामील झाले होते. १९३४ मध्ये ते त्या पक्षाचे अध्यक्षही झाले. कायदेमंडळात जाऊन सनदशीर मार्गाने सरकारला जाब विचारणे हाच त्यांचा मार्ग होता. संयुक्त प्रांताचे विधिमंडळ, मध्यवर्ती विधानसभा आणि राज्यसभेची पूर्वसूरी असलेली कौन्सिल ऑफ स्टेट या तिन्ही ठिकाणी त्यांनी काम केले. सैन्याचे भारतीयीकरण, अर्थकारण आणि परदेशस्थ भारतीयांचे हक्क या विषयांवरील त्यांची भाषणे आकडेवारीने भरलेली असत. असा संयमी माणूस मुलांच्या शपथेतील एका शब्दावर ठाम राहिला. प्रौढ माणूस सरकारशी तडजोड करू शकतो आणि ती मोडूही शकतो. १२ वर्षांच्या मुलाने सन्मानाची आण घेऊन उच्चारलेली शपथ मात्र त्याचे मन घडवते. त्या मनात परकी राजनिष्ठा पेरून देशसेवेचे पीक येणार नाही, असा या नकाराचा अर्थ होता.

नकाराची किंमतही मोजावी लागली. अधिकृत संघटनेला राज्यपालांचा आश्रय, सरकारी शाळांची मैदाने आणि जागतिक चळवळीची मान्यता लाभली. सेवा समितीच्या पथकांना लोकवर्गणीवर आणि स्वयंसेवी शिक्षकांवर अवलंबून राहावे लागले. तरीही मेळे, पूर आणि साथी यांच्या काळात त्यांचे काम थांबले नाही.

फेब्रुवारी १९३७ मध्ये दिल्लीत पहिला अखिल भारतीय जांबोरी मेळावा भरला आणि वृद्ध बेडन पॉवेल त्यासाठी पुन्हा भारतात आले. परंतु त्याच सुमारास भारतीयांच्या चारित्र्याविषयी त्यांनी काढलेल्या अनुदार उद्गारांनी देशभर संतापाची लाट उसळली. अधिकृत संघटनेत निष्ठेने काम करणारे अनेक भारतीयही दुखावले आणि बाहेर पडले. १९३८ मध्ये सेवा समिती आणि अन्य समविचारी गट एकत्र येऊन हिंदुस्थान स्काउट असोसिएशन उभी राहिली. देशात आता दोन समांतर चळवळी होत्या. दोन्हींतील मुले सारख्याच गाठी बांधत, सारख्याच शेकोटीभोवती बसत. मात्र त्यांचे ध्वज आणि शपथा वेगळ्या होत्या.

स्वातंत्र्य आल्यानंतर वादाचे मूळ कारण उरले नाही. तरीही संघटनांचे विलीनीकरण सोपे नव्हते. दोन्हीकडे जुने हेवेदावे, मालमत्ता आणि पदे होती. ज्यांनी सरकारी रोष पत्करला, त्यांना दुसऱ्या बाजूविषयी कटुता वाटणे स्वाभाविक होते. आयुष्यभर एका बाजूचे नेतृत्व केलेल्या कुंझरू यांनी या टप्प्यावर विजयाचा हिशेब मांडला नाही. केंद्रीय शिक्षणमंत्री मौलाना अबुल कलाम आझाद आणि शिक्षण सचिव डॉ. ताराचंद यांच्या पुढाकाराने झालेल्या वाटाघाटींत त्यांनी समेटाची भूमिका घेतली. अधिकृत संघटनेच्या बाजूने न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी तेवढाच मनाचा मोठेपणा दाखवला. मंगलदास पक्वासा यांचाही या कार्यात महत्त्वाचा वाटा होता. बोस त्या वेळी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते आणि पक्वासा मध्य प्रदेशाचे राज्यपाल. नागपूर हीच तेव्हा त्या राज्याची राजधानी असल्याने एकीकरणाच्या या प्रयत्नांचा एक धागा या मराठी भाषक शहराशीही जोडलेला आहे.

७ नोव्हेंबर १९५० रोजी दोन्ही संघटना एकत्र आल्या आणि भारत स्काउट्स अँड गाइड्सची स्थापना झाली. १५ ऑगस्ट १९५१ रोजी गर्ल गाइड्स असोसिएशनही तीत सामील झाली. नव्या प्रतिज्ञेत राजाची जागा देशाने घेतली. संघटनेचे पहिले राष्ट्रीय आयुक्त होण्याचा मान कुंझरू यांना मिळाला. १९१८ मध्ये अलाहाबादेत ज्या शब्दासाठी वेगळी वाट धरावी लागली होती, तो शब्द ३२ वर्षांनी देशातील प्रत्येक स्काउटच्या तोंडी आला.

मुलांच्या आणि तरुणांच्या जडणघडणीचा हा विचार त्यांनी अन्य क्षेत्रांतही पुढे नेला. १९४६ मध्ये राष्ट्रीय छात्रसेनेचा विचार करण्यासाठी त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. तिच्या शिफारशींवर आधारित कायदा १९४८ मध्ये संमत झाला आणि त्याच वर्षी जुलैमध्ये छात्रसेना, म्हणजे एनसीसी, अस्तित्वात आली. ज्या सरकारला एके काळी भारतीय मुलांनी माग काढायला शिकणेही धोक्याचे वाटले होते, त्याची सत्ता संपून एक वर्षही झाले नव्हते. १९५९ मध्ये शारीरिक शिक्षण, मनोरंजन आणि युवक कल्याण या क्षेत्रांतील योजनांचा मेळ घालण्यासाठी नेमलेल्या समितीचेही ते अध्यक्ष होते. १९४३ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन कौन्सिल ऑफ वर्ल्ड अफेअर्सच्या उभारणीत त्यांचा पुढाकार होता. विद्यापीठ अनुदान आयोगाचे सदस्य म्हणूनही त्यांनी काम पाहिले. हरिद्वारला उघड्या मालडब्यांतून आलेल्या यात्रेकरूंची सेवा करणाऱ्या या कार्यकर्त्याकडे १९६२ मध्ये रेल्वे अपघातांच्या चौकशी समितीचे अध्यक्षपद आले.

महाराष्ट्रात मात्र त्यांचे नाव एका वेगळ्या प्रसंगाशी निगडित राहिले. न्यायमूर्ती फाजल अली यांच्या अध्यक्षतेखालील राज्य पुनर्रचना आयोगाचे कुंझरू आणि सरदार के. एम. पणिक्कर हे सदस्य होते. १९५५ मधील या आयोगाच्या अहवालाने द्विभाषिक मुंबई राज्य आणि स्वतंत्र विदर्भ यांची शिफारस केली. त्यातून उसळलेला मराठी जनतेचा रोष आणि संयुक्त महाराष्ट्राचा लढा हा इतिहास सर्वपरिचित आहे. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, तेव्हा लोकांनी आयोगाचा तो निष्कर्ष मागे टाकला होता. गोखले यांच्या पुण्यातील समाजाला आयुष्य वाहिलेल्या या नेत्याशी मराठी मनाचा झालेला हा दुरावा त्यांच्या चरित्रातील एक कटू प्रकरण होय. त्यामुळे बालवीर चळवळीतील त्यांचे कार्य महाराष्ट्रात काहीसे झाकोळले गेले.

संविधान सभेत आणि नंतर राज्यसभेत १९६२ पर्यंत ते कार्यरत होते. स्वतंत्र बाण्याचे सदस्य म्हणून त्यांची ख्याती होती. सत्तेच्या पदाची त्यांनी आकांक्षा धरली नाही. संविधान सभेतील चर्चेच्या वेळी त्यांनी प्रजासत्ताकात सरकारी किताबांना स्थान असू नये, अशी भूमिका मांडली होती. १९६८ मध्ये त्यांना भारतरत्न देऊ करण्यात आले, तेव्हा त्याच भूमिकेला स्मरून त्यांनी ते नम्रपणे नाकारले. स्काउटला रोज एक सत्कृत्य करण्याची आणि त्याचा मोबदला न घेण्याची शिकवण दिली जाते. वयाच्या ऐंशीनंतर देशाचा सर्वोच्च सन्मान समोर आला असताना तिचे पालन करणे, ही लहान गोष्ट नव्हती.

३ एप्रिल १९७८ रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी, कुंझरू यांचे निधन झाले. १९८७ मध्ये जन्मशताब्दीनिमित्त टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले. त्यांच्या नावाचे मोठे पुतळे किंवा स्मारके फारशी आढळत नाहीत. परंतु थंडीच्या पहाटे एखाद्या शाळेच्या मैदानावर ध्वज चढतो आणि तीन बोटे उंचावून मुले देशाप्रती कर्तव्याची प्रतिज्ञा घेतात, तेव्हा त्यातील एक शब्द कुंझरू यांच्या पिढीने मिळवून दिलेला असतो. पुढे तीच मुले मेळ्यात एखाद्या अनोळखी वृद्धेचा हात धरून तिला तिच्या माणसांपर्यंत पोहोचवतात.